सिमच्या खाचेतला ठिपका

सोमवारी बांद्याचा आठवडा बाजार. भाजी, सुकी मासळी पिशवीत पडली की काही गिऱ्हाइकं मोबाईलच्या दुकानात डोकावतात. जुन्या फोनबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात: जीबी किती, कॅमेरा कसा, शेवटचा भाव काय? एखादी मावशी मात्र नेमकं विचारते, "पावसात भिजलेलो नाय मां?" आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या लेखी इथे पहिला प्रश्न तोच.

बांदा तेरेखोल नदीच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. पूर नसला तरी चार महिने हवा ओली असतेच. भिजलेला फोन वाळवला की बरेचदा सुरू होतो, पण आतल्या बोर्डावर गंज चढत राहतो. मग काही महिन्यांनी आधी चार्जिंग कुरकुरतं, नंतर स्पीकर, आणि एक दिवस फोनच बंद. विकणाऱ्यालाही याची कल्पना असतेच असं नाही.

तपासायला मिनिटही लागत नाही. सिमचा ट्रे बाहेर काढून खाचेत टॉर्च मारायचा. आयफोनच्या बहुतेक मॉडेलांत आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये तिथे एक बारीक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. चार्जिंगच्या पिना हिरवट दिसल्या, तर भाव कितीही पाडून मिळो, फोन परत काउंटरवर ठेवावा. 'आयपी ६८ आहे, पाण्यातही चालतो' हे बोलणं मनावर घेऊ नये. ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यातली. एकदा उघडून पुन्हा चिकटवलेल्या फोनला तिचा भरवसा नाही.

फोन कोरडा निघाला की हिशेब उरलेल्या वर्षांचा. सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला आणि गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं आहे, पण ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, गिऱ्हाइकाने घेतल्यापासून नव्हे. स्वस्तातल्या कित्येक फोनना एवढी मुदत नसते, आणि बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर कधी ना कधी चालेनाशी होतात. समजा, एक फोन ९ हजारांना आहे आणि त्याची तीन वर्षं बाकी आहेत; दुसरा ६ हजारांना, पण वर्षच उरलंय. पहिला वर्षाला ३ हजारांना पडतो, दुसरा ६ हजारांना. त्यात बॅटरी बदलायचा खर्च आधीच धरावा.

आता कागद. काही किलोमीटरवर पत्रादेवी, पलीकडे गोवा. फोनही हद्द ओलांडून येतात. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो बिलाशी आणि खोक्याशी जुळवावा. मग केवायएम लिहून, जागा सोडून तोच नंबर १४४२२ वर एसएमएस करावा. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या 'संचार साथी'वरही हे बघता येतं. चोरीची नोंद होऊन म्हापशात बंद झालेला फोन बांद्यातही चालत नाही. नंबर काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट दाखवला, तर सौदा तिथेच सोडावा. हप्ते थकलेल्या फोनचंही तेच: पैसे देणारी कंपनी तो दुरूनच लॉक करू शकते. म्हणून हप्ते फिटल्याचा दाखला मागावा.

विकणाऱ्याने आपलं गूगल खातं समोर काढून, मगच फोन रिसेट करावा. नाहीतर घरी नेल्यावर फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो.

परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेल्या फोनचा वेगळाच घोळ. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर. आडगावात बीएसएनएलवर भिस्त असेल, तर त्यांच्या ४जी साठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे बँड २८, फोनमध्ये आहे का ते बघावं. हायवेलगतच्या दुकानात रेंजच्या सगळ्या काड्या भरतात. दरीतल्या वाडीत तसं होईलच असं नाही. त्यामुळे आपलं सिम घालून फोन लावून बघावा, आणि बिलावर आयएमईआय, तारीख व विकणाऱ्याची सही घेऊनच पैसे द्यावेत.