वर्गणीचे वाचनालय

पुणे

प्रिय माधवराव,

पुणे नगर वाचन मंदिराच्या इतिहासावरचे तुमचे टिपण वाचले. सभासदांच्या वर्गणीवर संस्था पावणेदोनशे वर्षे टिकली, हे मान्य. पण म्हणून सार्वजनिक वाचनालय वर्गणीवरच चालावे, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. टिकून राहणे वेगळे आणि सार्वजनिक असणे वेगळे.

१८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने, लोकांकडून पैसे आणि पुस्तके जमवून बुधवार वाड्यात ही संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झाली. तेव्हा वर्गणीवाचून दुसरा मार्गच नव्हता. १८७९च्या आगीत पेशव्यांचा तो वाडा जळाला, वाचनालय मात्र राहिले. इथवर सारे श्रेय वर्गणीदारांचे. पण त्याच १८४८मध्ये, त्याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. एका वाड्यात वाचणाऱ्यांची सोय झाली, दुसऱ्यात नवे वाचक घडू लागले. भिडेवाड्यातल्या मुलींची वर्गणी कोण भरणार होते? वर्गणी कितीही माफक ठेवा, वाचनाची चव लागलेला माणूसच ती भरतो. जिला ती चव अजून लागायची आहे ती बाहेरच राहते, आणि सार्वजनिक वाचनालयाची खरी गरज तर तिलाच.

यावर उपाय एका मराठी राजाने करून दाखवला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि गावोगाव मोफत वाचनालये उभी केली. खर्चाचा एक हिस्सा गावाने, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने उचलायचा. म्हणजे लोकांनी पैसे दिलेच, पण पुस्तक मागायला आलेल्याकडे कोणी हात पसरला नाही. कायद्यातही आपण मागे नव्हतो. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ सालचा, कोल्हापूर संस्थानाचा. १९४८मध्ये मद्रासने घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राने १९६७मध्ये कायदा केला, त्यात कर मात्र ठेवला नाही. राहिले ते ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड वर्गांनुसार मिळणारे अनुदान, आणि जोडीला तीच जुनी वर्गणी.

फुकटचे कोणी जपत नाही, असे तुम्ही म्हणाल. मग वर्तमानपत्रांच्या मोफत विभागात सकाळी सकाळी गर्दी का असते? पुस्तके हरवतील हे खरे. ती वर्गणीदारांकडूनही हरवतात. तुमचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारी पैसा आला की कार्यकारिणी साहेबांच्या दारात उभी राहते. म्हणूनच मी अनुदान वाढवा म्हणत नाही, कर मागतो. अनुदान दरसाल मागावे लागते. कायद्याने बसवलेल्या कराचा वाटा हक्काने मिळतो. पुणेकर मिळकतकर भरतातच. त्यात ग्रंथालयाचे चार पैसे वाढले तर ओरड होईल, होऊ द्या.

एक विनंती. टिपणाचे पुस्तक करण्याआधी संस्थेचे जुने अहवाल चाळा. दर दशकात सभासद किती, त्यांत बायका किती आणि शहराची लोकसंख्या किती, हे आकडे शेजारी शेजारी छापा. मग वर्गणीच्या बाजूने काय लिहायचे ते खुशाल लिहा.

आपला स्नेहांकित,
श्रीधर