थेंब मोजून घे, सोनू

चि. सोनू,



ताई फोनवर सांगत होती, बाळंतपणाला बावड्याला आल्यापासून तू सुगंधी तेलांच्या बाटल्या मागवल्यास आणि घरीच मिश्रणं करतेस. आजीच्या गुडघ्यांना एक, बाळाच्या मालिशला एक, डासांसाठी आणखी एक. आवड चांगली आहे, सोडू नकोस. पण घरात सव्वा महिन्याचं बाळ आणि ऐंशीच्या घरातली आजी, म्हणून मला राहवत नाही. तुझ्यासारख्या हौशी मुली आता घरोघरी आहेत, म्हणून पत्र उघडंच लिहिते.

आपल्याकडे तेल अंदाजाने करतात. तिळाच्या तेलात ओवा, लसूण, दोन लवंगा घालून कढवायचं आणि कोमट झालं की चोळायचं. त्यात लवंग एखादी जास्त पडली तरी बिघडत नाही, कारण तेलात उतरणारा अंश थोडाच असतो. तुझ्या बाटलीत मात्र वाफेवर काढलेला निव्वळ अर्क आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहाचं बेट आहे ना? तसलं शंभर किलो ओलं गवत भट्टीत घातलं, तर हाती लागतं पाव ते अर्धा किलो तेल. एका थेंबामागे दहा-पंधरा ग्रॅम गवत! चहात आपण दोन पाती टाकतो. लवंगेच्या तेलाच्या एका थेंबात तर तीन-चार लवंगा उतरलेल्या असतात. तो नुसता कातडीवर पडला की आग होते.

तेव्हा अंदाज सोड, मोजून घे. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो पाच मिलीचा चमचा घे. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब म्हणजे साधारण एक टक्का. मोठ्या माणसाच्या अंगाला दोन थेंब पुरेत. चेहऱ्याला एकही जास्तच, लवंगेला तर त्याहून कमी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. पाण्यात थेंब टाकून अंघोळ करू नकोस. तेल पाण्यात मिसळत नाही, तवंग तसाच अंगाला चिकटतो. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नकोस, कातडी भाजून काळे डाग पडतात.

आजीचं जरा नीट ऐक. गुडघ्यांसाठी तू गंधपुऱ्याचं तेल आणलंयस. त्याचा मुख्य घटक अ‍ॅस्पिरिनच्या जातीचा. पाच मिली, म्हणजे तोच चमचा, पोटात गेला तर अ‍ॅस्पिरिनच्या वीस-एकवीस मोठ्या गोळ्यांइतकं होतं. नुसतं चोळलं तरी ते कातडीतून आत मुरतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. आजीच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखव, त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती बाटली उघडूच नकोस.

बाळाच्या मालिशला साधं खोबरेल. त्यात काहीही नको, एक थेंबसुद्धा नको. निलगिरी आणि पुदिन्याचा अर्क तान्ह्याच्या नाकाजवळ गेला तर श्वास अडखळतो. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८३ साली मलमांतल्या कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली. सर्दी झाली की कापराची पुरचुंडी बाळाच्या झबल्याला बांधायची आपली रीत आहे. कुणी कितीही मायेने बांधली तरी तू सोडून ठेव. शेक-शेगडी चालू असेल तर निखाऱ्यावर थेंब टाकायची कल्पना मनातही आणू नकोस. ही तेलं भडकन पेट घेतात.

बाटल्या गडद काचेच्या असू देत, आणि पत्र्याच्या खोलीत नकोत. एप्रिल-मेमधलं तुमच्याकडचं ऊन तुला माहीत आहे. उष्णतेने, हवेने तेल जुनं होतं, आणि असं जुनं तेल अंगाला जास्त उठतं. उघडल्याची तारीख चिकटव, कपाटाला कुलूप लाव. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. तेल फुफ्फुसात जातं आणि ते जास्त वाईट. बाटली बरोबर घ्या, १०८ ला फोन करा, नाहीतर अकलूज किंवा इंदापूर, जे आधी गाठता येईल तिथे थेट दवाखान्यात.

राहिले डास. उसाचं रान आणि पाण्याचे पाट जवळ, त्रास होणारच. पण डासांसाठी आणलेल्या सिट्रोनेला तेलाचा वास तास-दोन तासांत उडून जातो, त्याच्या भरवशावर बाळाला ठेवू नकोस. ताईला सांग, पाळण्यापुरती मच्छरदाणी आणायला. आज सांजेच्या आत आणली तर फारच छान.

तुझी,
मावशी