औषध तपासूनच येतं, मग माझं रक्त पुन्हा का तपासता?



शीर्षकातला प्रश्न माझ्या एका पेशंटचा आहे. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, वय सत्तरीला आलेलं, टीबीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या. सोनोग्राफीत आधीच फॅटी लिव्हर दिसलं होतं, म्हणून दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी लिहून दिली. तर म्हणाले, "डॉक्टर, गोळी कंपनीत तपासूनच बाहेर पडते ना? मग माझं रक्त परत परत कशाला काढता?" प्रश्न अगदी रास्त आहे. ओपीडीच्या गर्दीत दोन वाक्यांत जे सांगता आलं ते सांगितलं. इथे जरा निवांत सांगतो, कारण हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांच्या मनात असतो, फक्त तुम्ही तो बोलून दाखवत नाही.

औषध माणसाच्या पोटात जाण्याच्या कितीतरी आधी ते पेशींवर घालून बघतात. माझी भाची हैदराबादला हेच काम करते. गेल्या दिवाळीत फराळ बाजूला ठेवून तिने मला लॅपटॉपवर तिच्या पेशींचे फोटो दाखवले. तळहातापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ किंवा ३८४ खळगे. प्रत्येक खळग्यात हजारो जिवंत पेशी वाढवायच्या, प्रत्येकात वेगळं औषध किंवा त्याच औषधाचं वेगळं प्रमाण घालायचं, आणि एक-दोन-तीन दिवसांनी कोण जगलं, कोण मेलं ते मोजायचं.

मोजण्याची एक जुनी, स्वस्त पद्धत आहे, १९८३ पासूनची. पिवळं द्रावण घालायचं, जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळं जितकं गडद, तितक्या पेशी जिवंत. आजही ती सर्रास वापरतात. पण तिच्यातून अख्ख्या खळग्याचा एकच आकडा मिळतो. कोणत्या पेशीला काय झालं, कशाने झालं, हे त्यात कळत नाही. गावात आज किती लोक कामावर गेले एवढंच मोजण्यासारखं ते आहे. कोण तापाने फणफणत कामावर गेला, हे त्या मोजणीत येत नाही.

चमकणारे रंग

इथे फ्लोरोसंट रंग कामाला येतात. हे काही अगदी परकं प्रकरण नाही. बँकेतला कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यावरचा नंबर चमकतो ना, तेच हे. एका रंगाचा प्रकाश शोषून घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा. टीबीच्या तपासणीत थुंकीला ऑरामाइन नावाचा असाच रंग लावतात, आणि मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे-हिरवे चमकताना दिसतात.

औषधांच्या तपासणीतली गंमत अशी की प्रत्येक रंग पेशीच्या वेगळ्या भागात जातो आणि वेगळा प्रश्न विचारतो. हेक्स्ट ३३३४२ नावाचा रंग (हेक्स्ट ही जर्मन कंपनी, आकडा तिथल्या रसायनाचा क्रमांक) थेट डीएनएला चिकटतो आणि पेशीचं केंद्रक निळं दिसतं. केंद्रक आक्रसलं, तुकडे झाले, की पेशी मरणाच्या वाटेवर आहे असं समजायचं. प्रोपिडियम आयोडाइड हा लाल रंग धडधाकट पेशीत शिरूच शकत नाही. पेशीचं आवरण फाटलं तरच तो आत जातो. म्हणजे लाल दिसली ती पेशी गेली. कॅल्सीन उलटं काम करतं: जिवंत पेशीतली विकरं त्याला हिरवं करतात आणि आवरण शाबूत असेल तोवर हिरवा रंग आत टिकतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो टीएमआरएम. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. ते चार्ज असतात, अक्षरशः बॅटरीसारखे, आणि हा रंग त्या चार्जमुळेच तिथे जाऊन साठतो. चार्ज उतरला की चमक उतरते. भाचीने दोन फोटो शेजारी ठेवले. एकात पेशीभर नारिंगी धाग्यांचं जाळं, दुसऱ्यात फिकट धुकं. "मामा, ह्या दुसऱ्यातल्या पेशी अजून मेलेल्या नाहीत बरं का," ती म्हणाली. जुन्या पद्धतीत त्या कदाचित 'जिवंत' म्हणूनच मोजल्या गेल्या असत्या.

१९९३ साली काय झालं

हा फरक का महत्त्वाचा, हे फियालुरिडिनच्या गोष्टीवरून कळतं. हिपॅटायटिस बी वरचं हे औषध. प्राण्यांवरच्या चाचण्यांत लिव्हरला धोका दिसला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, १५ रुग्णांना ते देऊन पाहत होते. सुरुवातीचे आठवडे ठीक गेले. तेराव्या आठवड्यात लिव्हर निकामी होऊ लागली आणि चाचणी ताबडतोब थांबवली, पण औषध थांबवल्यावरही आजार वाढतच गेला. सात जणांना गंभीर इजा झाली. त्यातले पाच जण दगावले, दोघे लिव्हर ट्रान्सप्लांटमुळे वाचले.

नंतर उलगडलं ते असं. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो. हे औषध त्यात घुसून बसत होतं आणि ऊर्जेचं काम आतून पोखरत होतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात औषध आत नेणारं जे दार आहे, ते उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियात नाही. म्हणून उंदीर बचावले. प्राण्यांवर तपासलं म्हणजे झालं, असं जे अनेकांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे २००६ मध्ये फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी चार चमकणारे रंग वापरून दोनशेहून अधिक औषधं तपासली: केंद्रक, मायटोकॉन्ड्रियाचा चार्ज, पेशीतलं कॅल्शियम आणि फाटलेलं आवरण. औषध पेशींवर तीन दिवस ठेवलं. माणसात लिव्हर बिघडवतात हे आधीच माहीत असलेल्या औषधांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या पद्धतीने पकडली गेली. जुन्या पद्धतींना २५ टक्केही जमत नव्हती. पुढे इतर प्रयोगशाळांना आकडे इतके छान मिळाले नाहीत, हेही सांगायला हवं. पण मरणाआधीचं आजारपण बघायचं, ही दिशा मात्र पक्की झाली.

पण या पेशी आहेत कुणाच्या?

त्या प्रयोगातल्या पेशींचं नाव हेपजी२. १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या लिव्हरच्या गाठीतून त्या मिळाल्या आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. वाढायला सोप्या, म्हणून सगळ्यांच्या आवडत्या. अडचण अशी की त्या कॅन्सरच्या पेशी आहेत, आणि भरपूर ग्लुकोज मिळालं की मायटोकॉन्ड्रियावाचूनही निभावून नेतात. महावितरणची लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर घर चालू असतं, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, तसं. मग संशोधकांनी इन्व्हर्टरच काढून घेतला: पेशींना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज नावाची साखर दिली. तिच्यावर जगायचं तर मायटोकॉन्ड्रिया चालूच लागतात. आता त्यांना बिघडवणारं औषध घातलं की पेशी पटकन मरतात. साखर बदलण्याइतकी साधी युक्ती, पण मला ती महागड्या मशीनपेक्षा जास्त हुशारीची वाटते.

दुसरी अडचण पॅरासिटामॉलची. जास्त प्रमाणात घेतलं तर लिव्हर निकामी करणारं हे घराघरातलं औषध, पण या पेशींना ते फारसं लागत नाही. कारण विषारी पॅरासिटामॉल स्वतः नसतं. लिव्हरमधली विकरं त्यातल्या काही भागाचं विष बनवतात आणि हेपजी२ मध्ये ती विकरं फारच कमी असतात. म्हणून आता दान केलेल्या लिव्हरच्या ताज्या पेशी, किंवा पेशींचे छोटे गोळे वाढवून त्यांवरही तपासतात. (जाता जाता: तापाची गोळी, अंगदुखीची गोळी आणि सर्दीची गोळी अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. पाकिटावर नाव वाचा आणि बेरीज करा.)

हळद आणि व्हॉट्सॲप

"हळदीने कॅन्सरच्या पेशी मरतात, सिद्ध झालंय" हा मेसेज मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. दोन गोष्टी सांगतो. हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच चमकतं. घरी जांभळा दिवा असेल तर चिमूटभर हळद त्याखाली धरून बघा. आता ज्या तपासणीत हिरवी चमक म्हणजे 'जिवंत', तिथे औषधच हिरवं चमकलं तर मशीन काय समजणार? म्हणून रंग न घालता नुसतं औषध घातलेला एक खळगा शेजारी ठेवावा लागतो. ज्या अभ्यासात तो ठेवलेला नाही, तो मी तरी बाजूला सारतो.

दुसरी गोष्ट, प्लेटमधल्या पेशींवर कर्क्युमिन थेट ओततात. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात अगदी नगण्य पोहोचतं. आणि प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी मारायच्याच असतील तर फिनेलनेही मरतात. प्रश्न नेहमी असतो तो कॅन्सरची मेली, पण शेजारची निरोगी पेशी वाचली का, हा. भाजीत हळद जरूर घाला. कॅप्सूल मात्र उपचार सोडून घेऊ नका आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता रक्ताबद्दल

लाल रंग फाटलेल्या आवरणातून पेशीत शिरतो, हे वर आलंच. तुमच्या रिपोर्टवर जे एसजीपीटी लिहिलेलं असतं, ते लिव्हरच्या पेशीच्या आतलं विकर आहे. पेशीचं आवरण फाटलं की ते रक्तात सांडतं. प्रयोगशाळेत रंग आत गेला का बघतात, मी विकर बाहेर आलं का बघतो. तपासणी एकाच घटनेची. फरक इतकाच की त्यांच्या प्लेटमध्ये अर्जेंटिनातल्या त्या मुलाच्या पेशी आहेत आणि माझ्यासमोर तुम्ही.

हा फरक लहान नाही. टीबीच्या आयसोनियाझिडचंच घ्या. काहींचं लिव्हर ते भराभर निकाली काढतं, काहींचं सावकाश, आणि हे जन्मजात असतं. त्यात वय, दारू, जुनी कावीळ, बरोबरची इतर औषधं यांची भर. हजारात एखाद्यालाच जे होतं, ते एका माणसाच्या पेशी कितीही रंगवल्या तरी दिसत नाही.

म्हणून त्या एसटीवाल्या काकांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही. टीबीच्या गोळ्या चालू असताना भूक एकदम गेली, मळमळ-उलट्या सुरू झाल्या, लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पुढचा डोस घेण्याआधी त्यांना विचारा. लक्षणं असताना एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणं नसतानाही पाचपट झालं, तर आम्ही लिव्हरवर ताण देणाऱ्या गोळ्या थांबवतो आणि नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांना न विचारता आपल्या मनाने गोळ्या कायमच्या सोडणं मात्र टीबीत फार महागात पडतं.

कोणत्याही औषधाचा त्रास झाला तर तो तुम्ही स्वतःही कळवू शकता. भारत सरकारचा औषध-दुष्परिणाम नोंदणीचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फोन करताना गोळीचं नाव, कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, बरोबर आणखी काय घेत होता हे जवळ लिहून ठेवा. आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नका, बॅच नंबर त्यावरच छापलेला असतो.