उर्दू शाळेतलं कोळी नृत्य

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि राहते दिवाळ्यात. सीबीडी बेलापूरच्या मोठमोठ्या इमारती मागे टाकून खाडीकडे उतरलं की हे कोळ्यांचं गाव लागतं. सकाळी जेट्टीवरून म्हावऱ्याच्या पाट्या येतात आणि माझी स्टेशनला जायची घाई त्यांच्यात अडकते.

मागच्या वर्षी केंद्रातल्या शाळांची समूहनृत्य स्पर्धा होती. "तुम्ही मराठीच्या, शिवाय राहता कोळीवाड्यात. कोळी नृत्य तुम्हीच बसवा," असं मला सांगण्यात आलं. मराठी शिकवणाऱ्या बाईला नाचही येतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

आधी सगळे करतात तेच केलं. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि मुलांना म्हटलं, बघा आणि करा. शाहीर साबळ्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ने आपली लोकनृत्यं मोठ्या रंगमंचावर नेली. त्यानंतर शाळांच्या स्नेहसंमेलनांत कोळी नृत्याचा एक साचाच पडून गेला आहे. वल्हं मारा, पाटी डोक्यावर घ्या, गिरकी घ्या, पुन्हा वल्हं. आमची बारा मुलं ते सगळं करत होती, पण त्यांच्या हातात ना वल्हं दिसत होतं ना पाटी.

चौथ्या दिवशी शाळेचा स्पीकर बिघडला. एका मुलाने बाकावर डफासारखा ठेका धरला आणि मी सहज विचारलं, "जाळं खरंच कसं ओढतात, कुणी पाहिलंय?" सातवीतली एक मुलगी पुढे आली. तिचे आजोबा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले खलाशी. ती वाकली, दोन्ही हातांनी दोर धरला, कमरेपर्यंत खेचला आणि सगळं अंग मागे टाकलं. मग एक हात सुटून पुढे गेला, दुसरा धरून राहिला. "दोन्ही हात एकदम सोडले तर जाळं परत जातं, असं आजोबा म्हणायचे." चार मात्रांची ती हालचाल होती. वर्ग गप्प झाला.

बीएडला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. एकच कौशल्य घ्यायचं, पाच-सहा मिनिटांचा पाठ, पुन्हा पुन्हा. मी ठरवलं की ही एकच हालचाल घ्यायची आणि सगळा नाच तिच्यातूनच काढायचा. नृत्याची माणसं असंच करतात, हे मी वाचलं होतं. डोरिस हम्फ्री या अमेरिकन नृत्यरचनाकार बाईंचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ साली आलं. त्यात रचनेची ही सगळी हत्यारं मांडली आहेत. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की नजर शांत बसते, एक बाजू जड केली की नजर अस्वस्थ होते, असं बरंच काही.

आम्ही तीच ओढ दुप्पट संथ केली, मग फक्त मनगटांत आणली, मग बसून केली, मग पाठमोरी. मुलांना समजावताना गझल कामाला आली. रदीफ प्रत्येक शेरात तीच असते, पण आधीचा काफिया बदलला की तिचा अर्थ हलतो. ओढ ही आपली रदीफ, असं म्हटल्यावर आठवीच्या पोरांना पटकन कळलं.

मग तिघांच्या चार रांगा केल्या. पहिली रांग सुरू झाली की दोन मात्रांनी दुसरी, आणखी दोन मात्रांनी तिसरी. याला कॅनन म्हणतात. आम्ही त्याला 'लाट' म्हणालो, कारण दिसत होती ती लाटच. रांग सरळ धरायला या मुलांना शिकवावं लागलं नाही. जुम्म्याच्या नमाजेत खांद्याला खांदा लावून उभं राहायची सवय. हे माझ्या मनात आलं, पण मी बोलले नाही. नाचाच्या तालमीत ते कुणाला रुचलं नसतं.

सगळ्यांनी एकत्र, एकाच मात्रेवर ओढायचं, हे मात्र एकाच जागी ठेवलं. जाळं जड होतं तिथे. आधी मुलं सगळीकडेच एकत्र करत होती, त्यामुळे जड काहीच वाटत नव्हतं.

एक चूक शेजारच्या मावशींनी पकडली. मी ओढ उलटी करून जाळं टाकणं बनवलं होतं, शेवटाकडून सुरुवातीकडे. ओट्यावर त्यांना करून दाखवलं तर त्या हसल्याच. "बाय, वढायचं उलटं केलं म्हंजे पाग टाकली असं नाय होत." मग उठून त्यांनी पाग टाकून दाखवली. कंबर वळते, खांद्यावरचं जाळं सुटतं आणि हवेत गोल उघडतं. दुसऱ्या दिवशी आमची बारा मुलं मध्ये गोळा होऊन एका झटक्यात वर्तुळात उघडली. नाचातली सगळ्यात चांगली जागा ती, आणि ती माझी नाही.

तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीचे वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. "मॅडम, मुलगी मोठी होतेय. स्टेजवर नाचणं आमच्यात चालत नाही. आणि हा कोळ्यांचा नाच, आपला नाही." नाचाबद्दल ते म्हणाले त्यावर मी वाद घातला नाही. घर त्यांचं, मुलगी त्यांची. आमच्याकडे प्रत्येक घराची रेघ वेगळ्या ठिकाणी असते. सहारनपूरला १९१२ साली जन्मलेल्या झोहरा सेहगल ड्रेस्डेनला मेरी विगमनच्या शाळेत नाच शिकल्या, १९३५ पासून उदय शंकरांबरोबर जगभर नाचल्या. हे उदाहरण माझ्या ओठांवर होतं. पण पालकसभेतला माणूस झोहरा सेहगलने बदलत नाही. दुसऱ्या वाक्यावर मात्र बोलले. म्हटलं, "कोकणातले दालदी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. तुमच्या वडिलांनी जे ओढलं ते कुणाचं?" ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "उभी राहील. नाचणार नाही."

तेव्हा मी जे केलं त्याबद्दल आजही माझं मन स्वच्छ नाही. सगळे हलत असताना एकजण स्थिर ठेवला की नजर त्याच्यावरच जाते, हेही रचनेतलंच हत्यार. मी तिला रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात उभं केलं, दोराचं टोक हातात देऊन. काठावर वाट बघणारी. सगळे म्हणाले, काय कल्पना आहे! मलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी दप्तर भरता भरता ती म्हणाली, "टीचर, ते तर मीच दाखवलं होतं ना?" मी हो म्हटलं. यापुढे मला काही सुचलं नाही.

स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांना आमचा पोशाख साधा वाटला, असं नंतर कळलं. ती पूर्ण पाच मिनिटं हलली नाही. लाट आली, पाग उघडली, जाळं जड झालं, आणि तिची बोटं दोरावर पांढरी पडलेली मला विंगेतून दिसत होती.

तिचे वडील मागच्या दाराशी उभे होते. कार्यक्रम संपल्यावर मुलीला घ्यायला आले, सलाम केला, जायला निघाले आणि परत वळले.

"मॅडम, दोर असा नाही धरत," ते म्हणाले. "मागचा हात उलटा पाहिजे. नाहीतर सुटतो." आणि तिथेच, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांच्या गर्दीत, त्यांनी मुलीचा हात धरून उलटा करून दाखवला.