मामाची बंदूक

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. इथे बरक्यात सकाळचे साडेअकरा, म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी कंट्रोल रूममध्ये मोबाईल फायलीच्या आड उभा करून बसलो होतो. पॅरिसला स्वप्नील कुसाळेची फायनल चालू होती. ५० मीटर रायफल, थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून मारताना तो मागे होता, झोपून मारताना थोडा वर आला आणि शेवटी उभ्याने मारताना तिसरा. ४५१.४ गुण आणि ब्राँझ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा! खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळवणारा मराठी माणूस. मी खुर्चीतून उठून ओरडलो. शेजारच्या मल्याळी सहकाऱ्याला वाटलं पंप ट्रिप झाला.

पाच मिनिटांत कोल्हापूरहून भाच्याचा फोन.

"मामा, बघितलंस काय?"

"बघितलं रे!"

"मामा, एक विचारू? रागावू नकोस. मला रायफल घेऊन देशील?"

भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. दोन वर्षं क्लबच्या रायफलवर शिकत होता. एक रायफल आणि सहा मुलं. आपली पाळी येईपर्यंत आधीच्याने बट स्वतःच्या मापाचा करून ठेवलेला, मग पहिला अर्धा तास तो परत जुळवण्यात जायचा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ज्या गावात घडल्या त्या गावात हे वेड नवीन नाही. पण वेड वेगळं आणि पैसे वेगळे. ताईने मला न सांगता पाटल्या मोडायचं मनात आणलं होतं, हे मला नंतर कळलं. आखातात मामा असताना बहिणीने पाटल्या मोडायच्या म्हणजे... असो. मी हो म्हणालो.

म्हणालो खरा, पण बंदुकीतलं मला काय कळतंय? माझं आयुष्य समुद्राचं पाणी गोडं करण्यात गेलेलं. मग आपल्या सवयीप्रमाणे वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की स्वप्नीलची रायफल आणि भाच्याला हवी ती रायफल या दोन वेगळ्या जाती आहेत. स्वप्नील मारतो ती पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची, खऱ्या काडतुसाची. ती १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अग्निशस्त्र. तिला परवाना लागतो आणि परवान्याला वय लागतं २१. त्याआधी क्लबच्या देखरेखीखाली सराव करता येतो, पण स्वतःच्या नावाने घरात ठेवता येत नाही. म्हणजे आमच्यापुरता तो विषय संपला.

दुसरी जात एअर रायफलची. १० मीटर अंतर, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, मागे बारुद नाही, नुसती दाबलेली हवा. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाई बंदुकीसाठी एक रेघ आखलेली आहे : २० ज्यूल. त्याच्या आत असेल तर परवाना नको. आता ज्यूल म्हटल्यावर इंजिनिअरला राहवतंय होय? छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, स्पर्धेच्या रायफलीतून सुटतो तेव्हा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. गणित केलं तर ऊर्जा ७ ज्यूलच्या थोडी वर. रेघेच्या कितीतरी आत. पॉइंट टू टूची गोळी धरली तर तीच १०० ज्यूलच्या पुढे जाते. कायद्याने रेघ कुठे आणि का आखली ते एका ओळीच्या गणितात कळलं.

भाच्याला सांगितलं तर त्याने लगेच एका काळ्याकुळकुळीत बंदुकीचा फोटो पाठवला. वर हा भला मोठा स्कोप. "मामा, ही बघ, वीस ज्यूलच्या आत आहे आणि स्वस्त पण!" खरोखरच स्वस्त होती. पण इथे दुसरी चाळणी येते. सरकारला चाललेली बंदूक स्पर्धेला चालतेच असं नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात १० मीटरला कॅलिबर ४.५ च, वजन साडेपाच किलोच्या आत आणि स्कोपला साफ मनाई. बारीक भोकातून डोळा लावून बघायचं, त्याला डायॉप्टर म्हणतात. समोर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून. भिंग नाही. मला तर जेवणाच्या ताटातला खडा दिसत नाही!

तर दोन्ही चाळण्यांतून खाली पडणाऱ्या रायफली मोजक्याच. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अन्शुट्झ ही जर्मन नावं, ऑस्ट्रियाची स्टायर. आणि अलीकडे आपल्याकडे मुंबईजवळ बनणारी प्रिसिहोल. जर्मन रायफलची किंमत ऐकून मी दोनदा शून्यं मोजली. अडीच लाखांच्या पुढे.

इथेच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला तो सल्ला दिला. चांगला माणूस हो, अडीअडचणीला धावणारा. म्हणाले, "युरोपातून कुणाकडून तरी मागवून घ्या, स्वस्त पडेल. नळी एका बॅगेत, बट दुसऱ्या बॅगेत. विचारलंच तर मशिनचा पाइप म्हणायचं. हवेचीच तर बंदूक आहे, खेळणं!"

खोटं कशाला बोलू, दोन दिवस तो विचार डोक्यात राहिला. लाखभर रुपये वाचत होते. ओमानमध्ये १९९० सालापासून शस्त्रांचा स्वतंत्र कायदा आहे, आणि आपल्याकडे हवेची का असेना, बंदूक बॅगेतून सामान म्हणून आणायची वस्तू नाही. नेमबाजाने संघटनेच्या शिफारशीने, आयातीच्या नियमांत बसवून ती मागवायची असते. हे सगळं मला माहीत होतं. तरीही दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी एका ओमानी सहकाऱ्याकडे जेवायला बोलावणं होतं. बरक्याच्या किल्ल्यापासून जवळच त्यांचं वडिलोपार्जित घर. मजलिसमध्ये बसलो, खजूर, कहवा आणि बरक्याचा हलवा झाला. भिंतीवर एक जुनी मार्टिनी-हेन्री टांगलेली. त्याच्या आजोबांची. या लोकांना बंदुकीचं फार कौतुक. वात पेटवून उडवायच्या त्याहून जुन्या बंदुकीला ते अबू फतीला म्हणतात, म्हणजे वातीचा बाप. लग्नात तलवारीबरोबर बंदुका घेऊन नाचतात. मी सहज विचारलं, "ही चालते?"

तो उठला, आतून एक प्लास्टिकची थैली घेऊन आला. बंदुकीच्या आधी त्याने मला कागद दाखवला. पोलिसांकडची नोंद. म्हणाला, "आजोबांच्या काळी बंदूक असली की माणूस इभ्रतीचा. आता कागद असला की."

घरी येताना बातिना हायवेवर गाडी चालवत असताना मला भाचा दिसायला लागला. राज्य स्पर्धेला उभा आहे, कुणीतरी सहज विचारतंय, बिल कुठंय? आणि पोरगा मान खाली घालून म्हणतोय, मामाने आणलीय. ज्या खेळात अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब ठेवतात त्या खेळाची सुरुवात मी "पाइप आहे" या वाक्याने करून देणार होतो. त्या गृहस्थांना फोन करून नको म्हणून सांगितलं.

मग एक वापरलेली जर्मन रायफल सांगून आली, एक लाख तीस हजारात. फोटो बघितले. नळी उत्तम, बट उत्तम. मी म्हटलं, सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो पाठवा. या रायफलच्या पोटाखाली हवेचा सिलिंडर असतो, त्यात दाब २०० बार. आमचे समुद्राचं पाणी ढकलणारे राक्षसी पंप ६०-७० बारला चालतात, त्याच्या तिप्पट! आणि तो सिलिंडर पोराच्या गालापासून वीतभर लांब. त्याचं आयुष्य बनवणाऱ्याने दहा वर्षं धरलेलं असतं. फोटो आला, मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. शिवाय मूळ पावती नाही. खेळाडूच्या सवलतीत आयात केलेली असेल तर विकण्यावर अटी असतात, त्याचाही पत्ता नाही. नमस्कार केला.

शेवटी नवीनच घेतली, अधिकृत विक्रेत्याकडून. जर्मन, पण मालिकेतली सगळ्यात साधी. लाकडी नक्षी नाही, रंग नाही. एकच गोष्ट मागितली की बट आणि गालाचा टेकू पुढे-मागे, वर-खाली होणारा हवा. पोरगं वाढतंय, दरवर्षी नवीन रायफल कोण घेणार? पैसे मी दिले, पावती ताईच्या नावाने केली. पाटल्या कपाटातच राहिल्या. माझी गाडी बदलायची राहिली, ती अजून राहिलेलीच आहे.

गेल्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा भाच्याने पेटी उघडून दाखवली. झाकणाच्या आत पावतीची प्रत, लॅमिनेट करून चिकटवलेली. सिलिंडरची मुदत कधी संपते ते खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं.

मी हौसेने हात पुढे केला. तर हा मला म्हणतो, "थांब मामा. आधी फ्लॅग बघ."

नळीतून आरपार ओवलेली केशरी दोरी त्याने मला दोन्ही टोकांना दाखवली. आत छर्रा नाही याची खूण. मगच रायफल माझ्या हातात दिली. चांगलीच जड होती.