बंगईवरून दिसलेला गुन्हा

दारव्ह्याच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत एक सागवानी बंगई आहे. पुण्याकडील वाचकांनी तिला झोपाळा म्हणावे. या बंगईवर बसले असता रस्त्याने कोण गेले, किती वेळाने परतले, जाताना हातात असलेली पिशवी येताना होती की नव्हती, हे पाहावयाचे नाही असा निश्चय केला तरी दिसतेच. माझ्या आईला ते पन्नास वर्षे दिसत आले, आणि त्यावरून तिने काढलेली अनुमाने एखाद्या सोयरिकीला क्वचित बाध आणणारी ठरली असली, तरी खोटी ठरल्याचे मला स्मरत नाही. तहसील कचेरीच्या रेकॉर्डात बत्तीस वर्षे नकला करून निवृत्त झाल्यावर मी रहस्यकथा लिहावयास बसलो, तेव्हा गुप्तहेराच्या शोधार्थ मला फार लांब जावे लागले नाही.

आमच्या पिढीला या वाङ्मयाचे वेड लावले ते बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या गृहस्थांचे काळापहाड, झुंजार आणि धनंजय हे नायक वाचनालयाच्या कपाटातून एकदा बाहेर पडले की पंधरा-पंधरा दिवस परतत नसत, आणि परतले तर शेवटची चार पाने गमावून परतत, त्यामुळे माझ्यापुरते कित्येक गुन्हेगार आजतागायत मोकाट आहेत. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला, आणि दिवाळीत 'धनंजय' व 'नवल' यांच्या अंकांवरून घरोघर लहानसहान भाऊबंदकी होऊ लागली. परंतु या साऱ्या कथांतील रात्र महानगराची, मोटार भरधाव आणि पिस्तूल भरलेले. ज्या मुलाने मोटार पाहिली ती एस. टी. महामंडळाची, आणि पिस्तूल पाहिले ते दिवाळीतल्या टिकल्यांचे, त्याला हे सर्व वाचावयास जितके गोड वाटले, तितकेच लिहावयाच्या वेळी परके झाले.

चाळिशी ओलांडल्यावर अगाथा ख्रिस्ती माझ्या हाती पडल्या. त्यांची मिस मार्पल ही १९३० सालच्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' या कादंबरीत सेंट मेरी मीड नामक खेड्यात वावरणारी अविवाहित वृद्धा. हातात विणकाम, बागेत फुले, आणि डोक्यात साऱ्या पंचक्रोशीच्या स्वभावांची जमाबंदी. एखादा परका मनुष्य समोर आला की तो तिला गावातल्या कोणातरी जुन्या मनुष्याची आठवण करून देतो, आणि त्या आठवणीवरून ती त्याच्या अंतःकरणाचा ठाव घेते. ही युक्ती वाचताना मी पुस्तक मिटून ओसरीकडे पाहिले. आईची पद्धती अक्षरशः हीच होती. भेद एवढाच की ती विणीत नसून तुरीच्या शेंगा सोलीत होती. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी', म्हणजे ऊबदार, असे नाव पुढे पडले. मी त्याला बंगईवरची रहस्यकथा म्हणतो. तीत रक्तपाताचे वर्णन नसते, गुप्तहेर पगारी नसतो, संशयितांची संख्या एका पंगतीत मावेल इतकीच असते, आणि सत्य सापडते ते गप्पांतून.

या प्रकाराच्या शिस्तीचे मला वाटणारे आकर्षण कदाचित माझ्या नोकरीतून उद्भवले असावे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले: अज्ञात विष वापरू नये, गुप्त मार्ग एकाहून अधिक नसावा, जुळी भावंडे वाचकाला पूर्वसूचना न देता आणू नयेत, इत्यादी, आणि पुढल्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'डिटेक्शन क्लब'चे पहिले अध्यक्ष झाले ते फादर ब्राऊनचे जनक चेस्टरटन. या नियमांत मला दिवाणी अदालतीचा कारभार दिसतो. वाचक हा दाव्यातील पक्षकार असून, जो दस्तऐवज त्याच्यासमक्ष रुजू झाला नाही त्याच्या आधारावर निकाल देण्याचा लेखकास अधिकार नाही. मात्र रुजू केलेला कागद नेमका कोणता ओरडतो आहे, हे सांगण्यास तो बांधलेला नाही. तीनशे पानांच्या मिसलीत महत्त्वाचा कागद नेहमी दोन निरुपयोगी कागदांच्या मध्ये असतो, हे मी बत्तीस वर्षे पाहत आलो होतो.

एवढ्या तयारीनिशी मी विलायती सामग्री यवतमाळ जिल्ह्यात रुजवावयास निघालो आणि पहिल्याच पावली ठेचाळलो. जॉन डिक्सन कार या लेखकाने बंद खोलीतील गुन्ह्याचे शास्त्र पूर्णत्वास नेले. १९३५ सालच्या त्याच्या 'द हॉलो मॅन' या कादंबरीत तर त्या विषयावर एक सबंध व्याख्यान आहे. परंतु ते शास्त्र कवेलूंच्या छपराखाली चालत नाही. ज्या गावात वानरे रोज कवेलू सरकवतात, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी निम्मा गाव घरांवर चढून कवेलू फेरतो, आणि कोणाचे छप्पर कोठून उघडते हे शेजारच्या पोरांनाही ठाऊक असते, तेथे आतून कडी लावलेली खोली हा चमत्कार नसून केवळ एक कडी लावलेली खोली असते. वेळापत्रकाचेही तेच झाले. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा मूळचा रेल्वेचा अभियंता. अमुक गाडी अमुक मिनिटाला सुटली म्हणून अमुक मनुष्य तेथे असणे अशक्य, अशा हिशेबावर त्याने कादंबऱ्या उभारल्या. आमच्याकडे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर जाणारी, अडीच फुटी रुळांची, खाजगी मालकीची शकुंतला होती. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत राबले. तिच्यावर कथा रचावी ही माझी फार दिवसांची हौस. पण जी गाडी आली की तीच वेळ मानण्याचा प्रघात होता, तिच्या वेळापत्रकावर कोणता आरोपी आपली निर्दोषता सिद्ध करणार?

सापडले ते असे: बर्फाने वेढलेल्या इंग्रजी हवेलीच्या जागी अडाण नदीच्या पुराने दोन दिवस तुटलेले गाव, आणि विल्की कॉलिन्सच्या १८६८ सालच्या 'द मूनस्टोन'मध्ये दाराच्या ओल्या रंगाला लागलेला जो धब्बा साऱ्या तपासाचा कणा होतो, त्याच्या जागी नुकतीच सारवलेली ओसरी. शेणाचे ओले सारवण हे साक्षीदार म्हणून रंगापेक्षा सरस असते, कारण पुसणाऱ्यालाही ते लपवू देत नाही. दुसऱ्याने फिरवलेला पोतेरा घरच्या बाईला लगेच ओळखू येतो, हाताचा गोलावा निराळा पडतो. काळ्या मातीचा उपयोगही मी पुष्कळ केला. भाद्रपदात तिच्यात उमटलेले पाऊल वाळून साच्यासारखे टिकते आणि चैत्रात त्याला भेगा पडून ते नाहीसे होते, म्हणजे कथेला सहा-सात महिन्यांची मुदत आपोआप मिळते.

विषाचे प्रकरण मात्र असे सहज मिटले नाही. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, आणि तेथील ज्ञान त्यांनी आयुष्यभर काटकसरीने वापरले. १९२० सालच्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतील मृत्यू स्ट्रिक्निनने, म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतील विषाने, होतो. त्या काळच्या इंग्रजी कथांत विषाचा डबा माळ्याच्या खोपटात फळीवर असतो, आणि वाचक चहाचा घोट घेता घेता त्याच्याकडे पाहतो. मीही प्रारंभी तसेच केले. माझ्या दुसऱ्या कथेत फवारणीच्या औषधाची बाटली कोनाड्यात ठेवली, तिची पातळी दोन बोटे उतरलेली दाखविली, आणि या सूक्ष्म निरीक्षणावर स्वतःच खूश झालो. ती कथा छापून आलेला अंक मी एका शेतकरी घरात वाचावयास दिला होता. चार दिवसांनी त्या घरची वहिनी अंक घेऊन आली, तो बंगईवर ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, हे घरात नोका ठेवू देऊ." तिने बसावे म्हणून मी आग्रह केला, पण ती बसली नाही. त्या घरातील कर्ता पुरुष तीन वर्षांपूर्वी गेला होता, आणि कसा गेला हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही कोनाड्यातील बाटलीचा व त्याचा संबंध लिहिताना माझ्या ध्यानी आला नव्हता.

त्यानंतर २०१७ साली याच जिल्ह्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक दगावली. त्यांत कोणी खुनी नव्हता, कोणी वारसाहक्काचा लोभी पुतण्या नव्हता. पाठीवरचा पंप होता, अंगावर येणारा वारा होता आणि मजुरीचा दिवस होता. विलायतेत जे विष दिवाणखान्यातील बुद्धिबळाचे प्यादे आहे, ते येथे घरोघरच्या दुःखाचे नाव आहे, आणि त्याचा खेळ मांडणे मला जमणार नाही, हे मी स्वतःशी कबूल केले. विष गेले, आणि हळूहळू त्याच्या पाठोपाठ खूनही माझ्या कथांतून गेला. एका संपादकांनी खुनावाचून रहस्यकथा म्हणजे मिठावाचून भाजी असे मला कळविले. मी त्यांना भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या शेरलॉक होम्सची आठवण दिली: तांबड्या केसांच्या मंडळाची १८९१ सालची गोष्ट घ्या, नाताळच्या हंसाच्या पोटात सापडलेल्या निळ्या रत्नाची १८९२ सालची घ्या, दोहोंतही सोडवावयाचे कोडे चोरीचे आहे, आणि दोन्ही आजवर शिळ्या झालेल्या नाहीत.

मग गुन्हा कोणता? तो माझ्याच दप्तरात होता. यवतमाळातील मनुष्य दुसऱ्याला सुऱ्याने क्वचित मारतो. कागदाने मारण्याचा प्रघात मोठा आहे. फेरफाराच्या नोंदीतून गळालेली बहीण, सातबाऱ्यावर एकाएकी उगवलेला हिस्सेदार, धुऱ्याचा दगड रातोरात चार हात सरकलेला, पटवाऱ्यासमोर हजर नसताना हजर दाखविलेला साक्षीदार: यांतील एकेक प्रकरण एकेका कादंबरीचे बीज आहे. कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे १९७२ नंतर, येथला कापूस राज्याबाहेर नेण्यास मनाई असता पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला रातोरात गाड्या कशा जात, यावरही लिहिता येईल. पण त्या वेळची काही मंडळी अद्याप माझ्या ओसरीवर चहास येतात.

शिवाय कागदाचा गुन्हा हा काही गुन्ह्यांतला धाकटा भाऊ नव्हे. रहस्यकथांनी ज्या बोटाच्या ठशाला अजरामर केले, तो आधुनिक काळात कागदावरच प्रथम उमटला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून, पुढे त्याने करार नाकबूल करू नये म्हणून, कराराच्या पाठीवर साऱ्या पंजाचा छाप घेतला. कलकत्त्यास १८९७ साली ठशांची कचेरी निघाली. वर्गीकरणाचे कष्टाचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसविले, आणि पद्धतीला नाव पडले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. फेरफारात असे व्हावयाचेच.

गेल्या वर्षापासून मी लिहीत असलेल्या कथेचे मूळ अशाच एका अंगठ्याच्या ठशात आहे. एका विधवेने पौष महिन्यात शेत विकण्याचा करार करून इसार घेतला, अशी अंगठा उठविलेली पावती तिचा दीर पुढे करतो; ती म्हणते, मी अंगठा दिला तो आषाढात, पेरणीच्या कर्जासाठी, कोऱ्या कागदावर. ठसा तिचाच आहे, याविषयी दोन्ही पक्षांत वाद नाही. माझी माई, म्हणजे बंगईवरची गुप्तहेर, एवढेच पाहते की पावतीवरील ठसा गुळगुळीत आहे. दसऱ्यापासून वेचणीला लागलेल्या बाईच्या बोटांची टोके वाळल्या बोंडांच्या काट्यांनी चिरलेली असतात, आणि पौषात घेतलेल्या ठशात त्या चिरा पांढऱ्या रेघांनी उमटल्यावाचून राहात नाहीत. वाचकावर अन्याय होऊ नये म्हणून दुसऱ्याच पानावर, हळदीकुंकवाच्या गडबडीत, मी एक खूण पेरली आहे: पोह्यांवर लिंबू पिळावयास सांगितले असता ही विधवा ते मुकाट्याने दुसरीच्या हाती देते. ती रुसलेली आहे असे जमलेल्या बायांना वाटते, आणि वाचकालाही तसेच वाटावे ही माझी मनीषा. पुण्याच्या दोन मित्रांना मी हस्तलिखित धाडले. दोघेही रुसव्यावर फसले.

या श्रावणात ते हस्तलिखित मी आमच्या शेजारणीला ओसरीवर वाचून दाखविले. ती तीस वर्षे वेचणीला जाते. अक्षरओळख बेताची, पण ऐकण्याची शक्ती दांडगी. लिंबापाशी येताच ती हसली.

"मंग पुढं वाचूच नोका, भाऊ. हात चिरले हायेत तिचे. मले समजलं."

मी नेटाने शेवटपर्यंत वाचले. माईने भरल्या बैठकीत पावती उजेडात धरली, दिराचा चेहरा उतरला, मी कागद खाली ठेवले. शेजारीण थोडा वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"पौषात अंगठा देल्ला असता," ती म्हणाली, "तं शाई भेगेत जाऊन बसते. राखेनं घासा नाहीतं घासलेटानं पुसा, आठ-आठ दिवस निंघत नाही. पावती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी थे बाई तुमच्या माईच्या घरी पोहे खाते. मंग माईनं तिचं बोट काहून नाही पाह्यलं?"

मी या अंकाच्या संपादकांस हस्तलिखित पाठविण्यास आणखी पंधरा दिवसांची मुदत मागितली, ती त्यांनी नामंजूर केली. म्हणून कथेऐवजी हा लेख.