मांजरीची वीण

आमच्या खोलीत, आयच्या जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यावर मांजर व्याली. बाहेर पाऊस, लाईट गेलेली. मेणबत्ती धरून मी मोजत बसलो. पहिलं पिल्लू, मग वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरं. चौथं उजाडता उजाडता.

मोजायला कारण होतं. लहानपणी आयबरोबर एका कचेरीत गेलो होतो, रेशनकार्डात नाव घालायला. फॉर्म बघत साहेब शेजारच्याला म्हणाला, ‘ह्या लोकांच्या बाया मांजरीगत वितात.’ आय गप. मी बी गप. चाळीस वर्षं ते वाक्य कानात ठसठसतंय. म्हटलं, एकदा मांजर नीट बघूनच घेऊ.

मांजर 63 ते 65 दिवसांत विते. एका वेतात बहुधा तीन ते पाच पिल्लं, पहिलटकरणीला दोन-तीनच. 1970 साली इंग्लंडात एका मांजरीला 19 झाली, त्यातली चार मेलेलीच जन्मली. प्रत्येक पिल्लाची पिशवी ती दातांनी फाडते, चाटून श्वास चालू करते, नाळ तोडते, वार खाते. सुईण नाही, कोण नाही. पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास. आंधळं, बहिरं. मुतायलासुद्धा आईनं चाटावं लागतं. डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात. गायीचं दूध पाजू नका, हगवण लागते. महिन्यानं मऊ खाणं द्या, दोन महिने आईपासून तोडू नका. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून पिल्लं सुटली की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन तिचं ऑपरेशन करून घ्या.

आता आमच्या वेताचं ऐका. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गार पडलं. एक बोक्यानं मारलं. उरलेली दोन तोंडात धरून मांजर सात घरं फिरली. समोरच्या बिल्डिंगीत आयनं एका घरी अठरा वर्षं भांडी घासली. त्याच घरात, देव्हाऱ्यामागं तिनं पिल्लं ठेवली. त्या घरात आयचा कप वेगळा, मोरीजवळ उपडा असायचा. मांजरीची बशी मात्र ओट्याखाली, घरच्याच भांड्यातली.

त्या रात्री आयला पहिल्यांदा विचारलं,

‘आय, तुला किती झाली?’

‘सहा.’

‘राह्यली किती?’

‘तू आन् तुझी बहीण.’

दोन गोवरात गेली. एक हगवणीत. एक पोटातच गेलं. नवव्या महिन्यातही आय हंडे उचलत होती. हे सगळं ती भाजी निवडावी तसं सांगत होती. मला पोटात कसंतरी झालं. कारण तरुणपणी मीच एका शिबिरात माईकवर बोललो होतो, ‘आपल्या बायांनी पोरं कमी काढावीत!’ टाळ्या पडल्या होत्या. त्या साहेबानं आणि मी, दोघांनी जन्मलेलीच मोजली. मेलेली कोण मोजणार?

मित्रांनो, बाबासाहेबांनी निम्मा हिशेब केला नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता मिळावा म्हणून ते बोलले. 1929 ला कायदा झाला. आणि 10 नोव्हेंबर 1938 ला संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मांडला. तो पडला. एकीकडे बाईला विसावा, दुसरीकडे नको असलेलं बाळंतपण टाळायची सोय. आपण दुसरं तेवढं उचललं, आणि तेही बाईलाच सुनावायला. गिरणीतल्या बाईसाठी कायदा झाला, भांडी घासणाऱ्या माझ्या आयला एक दिवसाची रजा मिळाली नाही.

म्हणून सांगतो, पुढच्या सभेत लोकसंख्येवर बोलायला उठाल तर आधी घरी जा. आईसमोर बसा. किती झाली आणि किती राहिली, दोन्ही विचारा. मग बोला.

परवा मांजर दोन्ही पिल्लं घेऊन परत आली. आय काही बोलली नाही. उठली, गाठोडं सोडलं आणि एक कोरडं लुगडं काढून अंथरलं.